खालच्याची सही

रविवारी दुपारी, ताटं वाढून झाल्यावर, बाबांनी सांगितलं की चार वाजताच्या शोकसभेत ते पानाकाकांबद्दल खरं काय घडलं होतं ते बोलणार आहेत. आधी त्यांनी ते घरच्यांना सांगितलं, पाचेक मिनिटांत, पाण्याचा पेला हातात धरून. मग ते जेवायला बसले आणि बाकीचे तिघं, म्हणजे त्यांची मुलगी ताई, तिचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको, उभेच राहिले.

पानाकाका जाऊन पाच दिवस झाले होते. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, ते छोटा पाना लावायचे, म्हणून ते साऱ्या घराचे पानाकाका. बाबांचे जोडीदार. आजोबांनी लिफ्टच्या देखभालीची कंपनी काढली तेव्हा दोघंही मिसरूड फुटायच्या वयाचे होते, आणि त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टा या दोघांनी मिळून तपासल्या होत्या.

मिळून तपासण्याची रीत आजोबांची. इतर कंपन्यांत जो तपासतो तोच कार्डावर सही करतो. सरकारी नियमही तोच आहे, आणि कार्डावर तसं छापलेलंही असतं. आजोबांना ते पटायचं नाही. त्यांच्याकडे एक माणूस जिन्यानं गच्चीवरच्या मशीनखोलीत जायचा, ब्रेक आणि दोर बघायचा आणि लिफ्टच्या बोगद्यातून खाली हाक द्यायचा, ‘ठीक आहे, कर.’ सही करायची ती खाली उभ्या असलेल्यानं, वरच्याच्या शब्दावर. आजोबा म्हणायचे की माणूस स्वतःला बिनदिक्कत फसवतो, पण मित्राची मान अडकवायची वेळ आली की कचरतो. या रीतीवर आजोबांचा एवढा जीव होता की घरात कुणी परीक्षेला निघालं तरी ते विचारायचे, तुझी सही कोण करणार? कंपनीत आजही तपासणी तशीच होते. ताईचा धाकटा भाऊ आता कंपनी चालवतो आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी हीच गोष्ट रंगवून सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी एका सात मजली इमारतीत, दार उघडं असताना लिफ्ट सरकली. ब्रेकचं अस्तर पार झिजलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दवाखान्यात काम करणारी एक मुलगी त्याच क्षणी बाहेर पाऊल टाकत होती. ती गेली. तेवीस दिवस आधीच्या कार्डावर सही होती पानाकाकांची. चौकशी समितीसमोर ते उभे राहिले आणि म्हणाले, वर मीच गेलो होतो, घाईत होतो, नीट बघितलं नाही. दोन वर्षांची शिक्षा झाली, त्यांचा परवाना गेला. समितीनं अहवालात लिहिलं की दोष एका माणसाच्या हलगर्जीपणाचा आहे आणि कामाच्या पद्धतीत काही वावगं नाही.

आणि आज बाबा सांगत होते की वर जायची पाळी त्यांची होती. गुडघे धरले होते. चौथ्या मजल्यापर्यंत चढले, तिथेच जिन्यावर बसले, आणि दहा मिनिटांनी बसल्या जागेवरून हाक दिली, ‘ठीक आहे, कर.’

“गुडघे गेलेत हे त्याला कळू द्यायचं नव्हतं,” बाबा म्हणाले. “एवढंच. याच्याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.”

ताईनं चेहऱ्यावर आश्चर्य आणलं. ते इतकं झटकन जमलं याची तिला शरम वाटली, कारण ती हे नऊ वर्षांपासून जाणून होती.

ताई कॉलेजात नीतिशास्त्र शिकवते. घरात तिचं फार कौतुक नाही. बोलताना ती मुद्द्याला एक, दोन, तीन असे आकडे घालते म्हणून धाकटा तिला ‘क्रमांक’ म्हणायचा, आणि अजूनही चिडला की म्हणतो. सहा वर्षांपूर्वी तिचं पुस्तक आलं. त्यात एक अख्खं प्रकरण दयेपोटी बोललेल्या खोट्यावर आहे. असं खोटं बोलणारा माणूस समोरच्याला किती झेपेल ते परस्पर ठरवून टाकतो, आणि ज्याला आपण मित्र म्हणतो त्याच्या वतीनं असं ठरवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, असं तिनं तिथे ठणकावून विचारलंय. प्रकरण मुलांना आवडतं, परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो.

धाकटा आधी चिडला, मग रडकुंडीला आला. त्याचं म्हणणं असं की काकांनी आपणहून दिलेलं दान बाबा आता चव्हाट्यावर मांडून फुकट घालवताहेत. मेलेल्या माणसाची एकच इच्छा होती, तीही पाळायची नाही म्हणजे काय? कंपनीचा परवाना जाईल, सव्वीस माणसं कामाला आहेत, त्यांच्या घरी काय सांगायचं? बाबा जेवत होते. एकदाच म्हणाले की तो होता तोवर त्याला दिलेला शब्द होता, आता शब्द घेणाराच नाही. ताईला वाटलं, शब्द होता हे खरं आणि शब्दाची सोय होती हेही खरंच. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जेवणाच्या ताटावर हे कोण सुनावणार?

धाकट्याची बायको वकील. तिला सगळे वकीलबाईच म्हणतात, तिचा नवराही. ती एवढा वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती नवऱ्याचीच बाजू घेणार असं साऱ्यांनी गृहीत धरलं होतं.

“आपल्याकडे अजून खालचाच सही करतो ना?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“त्याचा इथे काय संबंध?”

“समितीला खरं कळलं असतं तर ही पद्धत त्यांनी त्याच आठवड्यात बंद केली असती. अकरा वर्षं आपण लोकांना त्याच लिफ्टांतून वरखाली करतोय.”

धाकटा तिच्याकडे असा बघत राहिला की जणू ती समोरच्या पक्षाकडून उभी राहिली आहे. ताईला खरं तर हेच म्हणायचं होतं, मुद्दा क्रमांक एक म्हणून. दोन मित्रांमधलं खोटं त्या दोघांपुरतं राहिलं तर त्यावर वाद घालता येतो. पण चौकशीसमोर बोललेलं खोटं शहरातल्या त्या प्रत्येक माणसाशी बोललेलं असतं जो उद्या सकाळी लिफ्टचं बटण दाबणार आहे. हे तिनं वर्गात कितीदा फळ्यावर लिहिलंय. आज वकीलबाईंनी आकडा न घालता सांगितलं आणि तिला मान खाली घालून ऐकावं लागलं.

“सोमवारपासून ज्याचं काम त्याची सही,” धाकटा शेवटी म्हणाला. “तेवढं करतो. पण सभेत बोलायची गरज नाही. बाबा, तुम्ही काकूला काय तोंड दाखवणार?”

काकूचं नाव निघालं आणि टेबलाभोवतीच्या बाजू पुन्हा फिरल्या. वकीलबाईंनाही वाटायला लागलं की सत्तरीच्या बाईला, नवरा जाऊन आठवडा झाला नाही तोवर, हे ऐकवणं निर्दयपणा होईल. काही दिवस जाऊ द्यावेत, मग सांगावं, सावकाश, कागदावर. दोघं नवराबायको आता एका बाजूला आले आणि बाबा दुसऱ्या बाजूला एकटे पडले. मग तिघांनी ताईकडे पाहिलं. प्रकरण तिनं लिहिलं होतं ना.

“सांगायचं,” ताई म्हणाली, “पण सभेत नाही. आधी काकूला, तिच्या घरी. दोनशे लोकांबरोबर तिला कळता कामा नये.”

बोलताना तिचा आवाज स्थिर होता. आत मात्र भलतंच चाललं होतं. काकू ही आता तिची काकू कमी आणि मैत्रीण जास्त होती. नगर ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढलेली ही बाई दर गुरुवारी संध्याकाळी ताईबरोबर नदीकाठानं चालायला येते, नव्या पुस्तकांची खुशाल सालटी काढते, आणि ताईचा घटस्फोट झाला त्या वर्षी तिनं एकही सल्ला न देता तिला रोज जेवायला बोलावलं होतं. त्या साऱ्या गुरुवारी ताईच्या पोटात ही गोष्ट होती.

ती तिथे कशी पोचली तेही इथेच सांगायला हवं. पानाकाका तुरुंगात असताना ताई एकदा त्यांना भेटायला गेली होती आणि जाळीच्या अलीकडून तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. एका मुलीचा जीव गेला आणि तुम्ही घाईत होतो म्हणता? काकांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की वर तुझा बाप होता. आणि ताई उठून जायला लागली तेव्हा त्यांनी पुढचंही सांगितलं, जे बाबांना आजतागायत माहीत नाही. मशीनखोलीतून दिलेली हाक बोगद्यातून घुमत येते. त्या दिवशीची हाक घुमली नाही, जिन्यावरून सरळ आली, चौथ्या नाहीतर पाचव्या मजल्यावरून. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज होता. पेन हातात घेऊन काका क्षणभर थांबले होते. जोडीदाराचे गुडघे गेलेत हे त्यांना महिनाभर दिसत होतं. वर जाऊन बघतो म्हटलं असतं तर त्याला ओशाळं झालं असतं. म्हणून त्यांनी सही केली.

“तेव्हा मी काही कुणाचं ओझं उचललेलं नाही,” ते म्हणाले होते. “माझंच आहे. पण हे त्याला सांगू नको, तो मरेल. आणि हिला तर मुळीच नको.”

ताईनं मान डोलावली होती. एक लाजेपोटी आणि दुसरा दयेपोटी, दोघं मित्र एकमेकांशी खोटं वागले, आणि त्या दोघांच्या मधून एक मुलगी खाली गेली. दया जवळच्या माणसाचा चेहरा फार स्वच्छ दाखवते आणि लांबच्याचा मुळीच दाखवत नाही, हे वाक्य ताईच्या पुस्तकात आहे. वाचणाऱ्यांना ते पुस्तकी वाटतं. तिनं ते तुरुंगाच्या बाहेरच्या बसथांब्यावर वहीत लिहिलं होतं.

दोन वाजता ती आणि बाबा काकूकडे पोचले. दुसरा मजला, तोही जिन्यानं. या इमारतीला लिफ्ट नाही, आणि काकूनं अकरा वर्षांत दुसऱ्या कुठल्या इमारतीच्या लिफ्टमध्येही पाय ठेवलेला नाही. बाबांना वर यायला बराच वेळ लागला. घरात धुतलेल्या फरशीचा वास होता. सभेला जायचं म्हणून काकू राखाडी साडी नेसून, केस बांधून, तयार बसली होती. दोन खोल्यांची दारं उघडी होती आणि दोन्हींत एकेक पलंग होता. पलीकडच्या पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

काकूनं चहा ठेवला. चहा होईपर्यंत बाबा उभेच राहिले. मग त्यांनी मघाशी घरी सांगितलं तसंच सांगितलं, त्याच शब्दांत, पाठ केल्यासारखं. पाळी माझी होती, वहिनी. चौथ्या मजल्यावर बसलो. तिथूनच हाक दिली. त्यानं माझ्या शब्दावर सही केली आणि नंतर माझ्यासाठी खोटं बोलला. माझ्यामागे मुलं होती, कंपनी होती, तुम्हा दोघांना मूल नव्हतं, तर मीच आत जातो म्हणाला. मी जाऊ दिलं.

काकूनं गॅस बंद केला. चहा गाळला. तिन्ही कप भरले आणि ओट्यावर ठेवले, पण आणून कुणाला दिले नाहीत.

“त्यानं नव्हतं केलं,” ती म्हणाली.

“नाही, वहिनी.”

“तुम्ही दर रविवारी येत होता इथे, भाऊजी. ते दोन पलंग तुम्हाला दिसत होते.”

काकू खुर्चीत बसली आणि अगदी हळू, कुणावरही न रागावता, बोलायला लागली, आणि ते ऐकणं रागावण्यापेक्षा वाईट होतं. तो सुटून आला त्या दिवशी तिनं त्याचा पलंग पलीकडे नेला. त्या मुलीच्या आईकडे ती माफी मागायला गेली होती, त्या बाईनं दार लावून घेतलं, आणि घरी येऊन तिनं त्याला विचारलं होतं की तुला झोप कशी लागते. तो म्हणाला, लागत नाही. यापलीकडे त्यांचं त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही. इतरही विषयांवर कमीच झालं. दूध आणलं का, दार लावलं का, एवढं. शेवटच्या आजारात तिनं औषधं मिनिटाला मिनिट लावून दिली. गेल्या सोमवारी संध्याकाळी तो म्हणाला, जरा बस ना इथे. ती म्हणाली, भांडी पडली आहेत.

“चार भांडी होती,” काकू म्हणाली.

बाबा रडत होते. ते तिच्या पायाशी वाकायला गेले, तर तिनं हात वर करून त्यांना होते तिथेच थांबवलं.

“तुम्हाला वाटलं असेल की तुम्ही दोघांनी आपसांत निस्तरलंत. मित्र होतात. त्याचं मोल कुणी दिलं हे त्यालाही दिसलं नाही आणि तुम्हालाही नाही. मी त्याच्याशी चांगली वागले असते, भाऊजी. मला चांगलं वागायचं होतं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती. ताई दाराजवळच्या स्टुलावर बसून होती. तिला रडू येत नव्हतं, भीती वाटत होती, कारण पुढे काय येणार ते तिला दिसत होतं. काकू पस्तीस वर्षं पुस्तकांची पानं मोजून घेतलेली बाई. एखादं पान कमी असलं तर तिच्या हाताला कळायचं.

“ती हाक,” काकू म्हणाली. तिनं आता ताईकडे तोंड वळवलं. “चौथ्या मजल्यावरून दिलेली. त्याला कळलं नसेल का गं? त्याचा कान फार तिखट होता. मी फाटक उघडलं की पावलांवरून ओळखायचा, हातात पिशवी आहे की नाही ते.”

बाबांनी मान वर केली. त्यांच्या मनात हे कधी आलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि त्यासोबत काहीतरी आशेसारखंही दिसलं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर ती आशा बघवत नव्हती.

“तू त्याला तुरुंगात भेटायला गेली होतीस,” काकू म्हणाली. “तुझ्याशी बोलायचा तो. तुला काही बोलला होता का कधी? यातलं काही तुला माहीत होतं?”

ताईला तीन गोष्टी एकदम दिसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्यांना आकडे घालता आले नाहीत. हो म्हटलं तर बाबांच्या खांद्यावरचा अर्धा भार आज उतरेल. अकरा वर्षं ज्याला आपण फसवलं असं त्यांना वाटतंय तो फसलाच नव्हता, हे त्यांना कळेल. हो म्हटलं तर काकूला आत्ताच, या पंधरा मिनिटांत, परत मिळालेला नवरा पुन्हा जाईल. आणि हो म्हटलं तर हे सारे गुरुवार काकू आठवेल, एकेक करून, आणि त्या प्रत्येक गुरुवारी शेजारून चालणारी ताई तिला दिसेल. यातली नेमकी कुठली गोष्ट आपल्याला अडवते आहे, ते ती स्वतःला विचारत होती. दया आहे का ही? तसं असतं तर ती एवढी घाबरली असती का? काकूला किती झेपेल ते ठरवण्याचा हक्क तिला नाही, हे तिच्याइतकं नीट कुणी लिहिलं नव्हतं.

“नाही,” ताई म्हणाली.

“काहीच नाही?”

“नाही, काकू. त्यांना काही कळलं नसणार. कळलं असतं तर त्यांनी सही केलीच नसती.”

दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि पहिल्याहून जास्त खरं वाटलं. काकूनं डोळे मिटून घेतले. तिचे खांदे, जे गेले पाच दिवस आणि बहुधा त्याआधीही कित्येक वर्षं ताठ होते, खाली आले. बाबांची मान परत वाकली. ते खिडकीच्या कडेला धरून उभे होते आणि त्यांच्या मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“भाऊजी, तुम्ही सभेत सांगा सगळं,” काकू थोड्या वेळानं म्हणाली. “त्या मुलीच्या आईलाही बोलवा, येईल तर येईल. मी पहिल्या ओळीत बसेन. पण त्यानंतर या घरी येऊ नका.”

बाबा हो म्हणाले. पुढे होतो एवढंच म्हणून ते दाराकडे गेले, चपला घालताना त्यांना आधार हवा होता, आणि ताई उठायला लागली तर काकूनं तिचा हात पकडून तिला खाली बसवलं. बाबांनी भिंतीला धरून चपला घातल्या. दार त्यांच्यामागे आपोआप लागलं.

काकूनं ताईचा हात सोडला नाही. ओट्यावरच्या तिन्ही कपांवर साय धरली होती. सभेला अजून सव्वा तास होता.

“तू असं कर,” काकू म्हणाली, “आज माझ्याकडेच राहा. उद्याही राहा. मला आता त्याच्याबद्दल बोलायचं आहे, सगळं, पहिल्यापासून, आणि ऐकायला तुझ्याशिवाय कुणी नाही ज्याचं मला खरं वाटेल.”

“राहते,” ताई म्हणाली.